विजेचा दर निविदेच्या आधीच ठरतो : स्थानिक स्वराज्य संस्थांच्या सदस्यांना आणि लेखाधिकाऱ्यांना खुलं पत्र

सन्माननीय सदस्य, मुख्याधिकारी आणि लेखाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

अंदाजपत्रकाच्या सभेत रस्त्याच्या एका कामावर तासभर वाद रंगतो आणि वीजबिलाची तरतूद 'गेल्या वर्षीपेक्षा थोडी वाढीव' एवढ्या शेऱ्यावर मंजूर होते. वीज लागणारच, तिचा दर आपल्या हातात नाही, मग त्यावर बोलायचं काय, असा त्यामागचा समज. संस्थांची वीजबिलं तपासणं हे माझं रोजचं काम आहे आणि हा समज लोकांच्या पैशाचं मोठं नुकसान करतो आहे, हे सांगण्यासाठीच हे पत्र लिहितो आहे. पिण्याचं पाणी आणि सांडपाणी यांचे प्रकल्प एखाद्या स्थानिक संस्थेच्या एकूण ऊर्जावापरातला ३० ते ४० टक्के वाटा उचलतात, असं अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते. त्यात पथदिवे, रुग्णालयं, शाळा, कार्यालयं मिळवा. पगारानंतर इतका नियमित आणि इतका कमी तपासला जाणारा दुसरा खर्च मला माहीत नाही.

जिथे वीजविक्रेता निवडण्याची मुभा आहे तिथे दर निविदा उघडताना ठरतो असं सगळ्यांना वाटतं. खरं तर तो त्याच्या कित्येक महिने आधी, तुमच्याच कार्यालयात ठरत असतो. मीटरची यादी बरोबर आहे का, वापराची माहिती किती बारकाईने दिली आहे, आणि आलेला दर कोण किती वेळात स्वीकारू शकतो, या तीन गोष्टी विक्रेता आधी पाहतो आणि मग आकडा लिहितो.

तिसऱ्या गोष्टीपासून सुरुवात करतो, कारण तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं.

घाऊक बाजारात विजेचे भाव दिवसागणिक बदलतात. तुम्हाला दोन वर्षांसाठी एकच स्थिर दर देणारा विक्रेता ती वीज स्वतः पुढच्या तारखांच्या सौद्यांनी विकत घेतो, आणि हे सौदे तुमचा होकार आल्याशिवाय तो करू शकत नाही. म्हणजे दर दिल्यापासून तुमचा होकार येईपर्यंत बाजार वर गेला तर तोटा त्याचा. होकार दुपारपर्यंत मिळणार असेल तर तो ही जोखीम नगण्य धरतो. होकाराला नव्वद दिवस लागणार असतील तर त्या नव्वद दिवसांचा विमा तो तुमच्याच दरात घालतो.

आता आपली पद्धत पाहा. निविदा उघडते, तांत्रिक छाननी होते, तुलनात्मक तक्ता तयार होतो, तो समितीपुढे जातो, समितीची तारीख पुढे ढकलली जाते, मग सर्वसाधारण सभा, मग इतिवृत्त कायम होणं, मग कार्यादेश. खडी किंवा फर्निचर घ्यायला ही पद्धत योग्यच आहे, कारण खडीचा भाव तासातासाला हलत नाही. विजेच्या बाबतीत मात्र यातला प्रत्येक दिवस पैसे मोजून विकत घेतलेला असतो. हा खर्च कुठल्याही बिलात वेगळा दिसत नाही, म्हणून लेखापरीक्षणातही त्यावर कधी आक्षेप येत नाही.

यावरचा उपाय जगभरातल्या अनेक संस्थांनी शोधून झाला आहे. चर्चा सगळी आधी करायची, दर शेवटी मागवायचा. कराराचा मसुदा, विक्रेत्यांची पात्रता, मुदत, वापरातल्या चढउताराची अट, बिल भरण्याचे दिवस हे सगळं सभेत मांडून, वाद घालून, कायम करून घ्यायचं. जे विक्रेते हा मसुदा जसाच्या तसा मान्य करतील त्यांनाच बोलीत येऊ द्यायचं. त्यामुळे उरतो फक्त एक आकडा. मग ठरलेल्या दिवशी सकाळी ऑनलाइन उलट लिलाव होतो, विक्रेते एकमेकांच्या खाली बोली लावत जातात, आणि सभेने आधीच ठरवून दिलेल्या कमाल दराच्या आत सर्वांत कमी बोली आली, तर अधिकृत अधिकारी त्याच दुपारी सही करतो. कमाल दराच्या वर आली, तर सही होत नाही आणि तारीख पुढे जाते.

यावर हमखास येणारा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो मी हलक्यात घेत नाही. एका अधिकाऱ्याला परस्पर सही करायचा अधिकार देणं म्हणजे गैरव्यवहाराला वाट करून देणं, असं सदस्य म्हणतात. पण या पद्धतीत त्या अधिकाऱ्याच्या हाती ठरवण्यासारखं उरतं काय? अटी सभेच्या, पात्रता सभेची, कमाल दराचं सूत्रही सभेचं. कमाल दर हा मनाने काढलेला आकडा नसावा. त्या दिवशीचा घाऊक बाजारातला पुढच्या सौद्यांचा भाव अधिक ठरावीक रक्कम, असं सूत्र ठरावात लिहावं, म्हणजे बाजार पडला तर मर्यादाही खाली येते. लिलावात आलेल्या सगळ्या बोली, त्यांच्या वेळा आणि त्या दिवसाचा बाजारभाव पुढच्या सभेपुढे ठेवणं बंधनकारक करावं. नव्वद दिवस फाइल टेबलाटेबलावर फिरण्यापेक्षा ही पद्धत कितीतरी जास्त उघडी आहे.

आता मीटरच्या यादीकडे. कोणत्याही संस्थेला 'तुमच्या नावावर वीजजोडण्या किती?' हा प्रश्न विचारा. लेखा विभाग एक आकडा सांगतो, विद्युत विभाग दुसरा, आणि वीज कंपनीच्या नोंदीत तिसराच असतो. पाडलेल्या इमारतीचं मीटर, बंद पडलेल्या विहिरीवरचा पंप, भाड्याने दिलेल्या गाळ्याची संस्थेच्याच नावावर राहिलेली जोडणी, या सगळ्यांचा स्थिर आकार, म्हणजे वीज वापरली नाही तरी लागणारी ठरावीक रक्कम, महिन्यामागून महिना निमूट भरला जातो. यादी जुळवायला निविदा लागत नाही, सल्लागार लागत नाही. एक कनिष्ठ अभियंता, एक लिपिक आणि काही आठवड्यांची पायपीट पुरते.

पथदिव्यांचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे. अनेक ठिकाणी पथदिव्यांना मीटर नसतो. दिव्यांची संख्या, प्रत्येकाची वॅटची नोंद आणि वर्षाचे जळण्याचे तास, जे साधारण चार हजारांच्या आसपास असतात, यांचा गुणाकार करून बिल निघतं. म्हणजे इथे खरा मीटर ही नोंदवही असते. संस्था जुने २५० वॅटचे सोडियम दिवे काढून १०० वॅटच्या आतले एलईडी बसवते, उद्घाटन होतं, फोटो छापून येतात आणि नोंदवहीत मात्र २५० तसेच राहतात. दिवा कमी वीज खातो आणि बिल जुन्याच दिव्याचं येत राहतं. एलईडीतून होणारी बचत खरी असते यात शंका नाही. लॉस एंजेलिस शहराने २००९ पासून चार वर्षांत सुमारे १ लाख ४० हजार पथदिवे बदलले आणि त्या दिव्यांचा वीजवापर साठ टक्क्यांहून अधिक घटला. पण मीटर नसेल तिथे ही बचत नोंदवहीतून बिलात उतरवावी लागते. म्हणून एलईडीच्या ठेकेदाराचं शेवटचं देयक, बदललेली वॅटची नोंद वीज कंपनीने लेखी स्वीकारल्यावरच द्यावं, अशी अट घाला.

पंपिंग स्टेशनवर वेगळीच गोष्ट घडते. बिलात युनिटांचा हिशेब जितका महत्त्वाचा, तितकाच महत्त्वाचा 'मागणी आकार' असतो. महिन्याभरातल्या कोणत्याही एका पंधरा किंवा तीस मिनिटांत, जशी तिथली मोजणीची पद्धत असेल तशी, सरासरी सर्वाधिक किती किलोवॅट ओढले गेले, त्यावर हा आकार लागतो. ११० किलोवॅटचे तीन पंप आहेत असं धरा. दोन चालतात, तिसरा राखीव. म्हणजे मागणी २२०. पाळी बदलताना कर्मचारी चालू पंप बंद करायच्या आधीच राखीव पंप सुरू करतो, कारण पाण्याचा दाब पडू द्यायचा नसतो. त्याचा हेतू चांगलाच असतो. तिन्ही पंप अर्धा तास एकत्र चालतात आणि मीटरमध्ये ३३० नोंदले जातात. त्या अर्ध्या तासासाठी पूर्ण महिन्याचा मागणी आकार दीडपट होतो. काही दरपत्रकांत तर अशी कमाल मागणी पुढचे कित्येक महिने आधारभूत धरली जाते. वाचलेला दाब किती आणि गेलेला पैसा किती, हे त्या कर्मचाऱ्याला कोणी कधी दाखवलेलंच नसतं, कारण बिल मुख्यालयात येतं आणि तो असतो नदीकाठी. महिन्याच्या बिलाची एक प्रत पंपघरात लावा आणि मागणीच्या आकड्याखाली लाल रेघ ओढा. माझ्या अनुभवात याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

उंच टाकी ही खरं तर साठवलेली वीजच असते. टाकी कधी भरायची हे बऱ्याच अंशी आपल्या हातात असतं, आणि दिवसाच्या वेळेनुसार दर बदलत असेल तर ज्या तासांत वीज स्वस्त त्या तासांत टाकी भरून घ्यावी. पूर्वी स्वस्त तास म्हणजे रात्र असं समीकरण होतं. सौरऊर्जा वाढलेल्या बाजारांत आता भर दुपारी वीज स्वस्त आणि संध्याकाळी महाग असते. जुन्या सवयीने रात्री पंप चालवणाऱ्यांनी आपलं दरपत्रक पुन्हा एकदा वाचून पाहावं. पॉवर फॅक्टरबद्दल, म्हणजे ओढलेल्या विजेतली किती खरोखर कामी येते या मापाबद्दल, इथे फार लिहीत नाही. ते सुधारण्यासाठी कपॅसिटर बसवलेले असतात, त्यातले निकामी झालेले कोणी बदलत नाही आणि दंड लागत राहतो, एवढं सांगितलं तरी तुमच्या विद्युत विभागाला कळेल.

हे सगळं खरेदीच्या पत्रात कशाला, असं कोणी विचारेल. कारण विक्रेता नेमकी हीच माहिती मागतो. दर अर्ध्या तासाच्या वापराची वर्षभराची नोंद, खात्रीची जोडण्यांची यादी आणि येत्या काळात काय बदलणार आहे, हे त्याच्या हाती असेल तर त्याला अंदाजापोटी दर चढवावा लागत नाही. बारा मासिक बिलांच्या झेरॉक्स हाती दिल्या तर तो सर्वांत वाईट शक्यता धरूनच बोली लावणार.

इथे क्रमाला फार महत्त्व आहे. बऱ्याच करारांत वापर ठरावीक टक्क्यांच्या पट्ट्यात राहिला पाहिजे अशी अट असते. त्याखाली गेलात तर न वापरलेल्या विजेचेही पैसे भरावे लागतात. पुढच्या वर्षी पथदिवे बदलायचे असताना आज जुन्या वापरावर करार केला, तर वाचवलेल्या विजेचं बिल येणार. टेक्सासमधल्या जॉर्जटाउन शहराचं उदाहरण यासाठी डोळ्यांपुढे ठेवा. या शहराने पवन आणि सौर प्रकल्पांशी वीस-पंचवीस वर्षांचे स्थिर दराचे करार केले, त्याचं जगभर कौतुकही झालं. पण घेतलेली वीज शहराच्या गरजेपेक्षा जास्त होती. उरलेली वीज बाजारात विकायची होती, आणि बाजार पडला. २०१८ मध्ये शहराच्या वीजखात्यात लाखो डॉलरांची तूट आली. पवनऊर्जा किंवा सौरऊर्जा यांत दोषी नव्हती. खरेदीचं प्रमाण चुकलं होतं.

आता बाजाराच्या लहरीबद्दल. स्थिर दर घ्यावा की बाजारभावाने चालावं, यावर एकच उत्तर देणाऱ्या सल्लागारापासून सावध राहा. बाजारभाव सरासरीने स्वस्त पडू शकतो, कारण त्यात विक्रेत्याचा विमा नसतो. पण तो विमा कशासाठी असतो हे फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासने पाहिलं. हिमवादळात वीजनिर्मिती कोसळली आणि घाऊक दर मेगावॅट-तासाला, म्हणजे हजार युनिटांना, ९,००० डॉलर या कमाल मर्यादेवर जाऊन बसला. डेंटन शहराच्या नगर वीजसेवेला चार-पाच दिवसांच्या विजेसाठी २० कोटी डॉलरहून अधिक मोजावे लागले. त्यानंतर दीड वर्षाने, ऑगस्ट २०२२ मध्ये, युरोपात नैसर्गिक वायूचा भाव मेगावॅट-तासाला ३०० युरोच्या वर गेला आणि त्याच्यामागे वीजही गेली. तेव्हा ज्यांचे करार चालू होते ते तगले. ज्यांचे करार नेमके त्याच शरदात संपले, त्यांना मिळेल त्या दराने सही करावी लागली. शहाणपणा किंवा निष्काळजीपणा यांचा त्यात संबंध नव्हता, तारखेचा होता.

म्हणूनच सगळी वीज एका दिवशी, एका दराने घेऊ नये. पुढच्या तीन वर्षांच्या गरजेतला एक हिस्सा आज, एक सहा महिन्यांनी, एक त्यानंतर, असा टप्प्याटप्प्याने घेतला तर सर्वांत स्वस्त दिवस कदाचित हुकेल, पण सर्वांत महाग दिवशी सगळं गळ्यात पडणार नाही. लोकांचा पैसा सांभाळणाऱ्याने बाजाराचा तळ शोधायच्या फंदात पडू नये, अंदाजपत्रक कोलमडणार नाही एवढं पाहावं.

छोट्या संस्थांना हे सगळं एकट्याने जमणार नाही, हे मला मान्य आहे. त्यांच्यासाठी एकत्र खरेदीचा मार्ग आहे आणि तो अजमावून झालेला आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९९७ मध्ये कायद्याने गावांना आपल्या रहिवाशांसाठी एकत्र वीज घेण्याची मुभा दिली आणि त्याच वर्षी केप कॉड आणि मार्थाज व्हिनयार्ड इथल्या गावांनी आपला संघ उभा केला. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहराने २०१७ मध्ये इतर काही नगर परिषदा, विद्यापीठं, बँका, टपालसेवा आणि प्राणिसंग्रहालय यांची मोट बांधली. या १४ जणांनी मिळून वर्षाला ८८ गिगावॅट-तास (८ कोटी ८० लाख युनिट) वीज दहा वर्षं घेण्याची हमी दिली आणि त्या हमीच्या बळावर क्राउलंड्स इथे ८० मेगावॅटचा पवन प्रकल्प उभा राहिला. पुढे २०२१ मध्ये मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियातल्या ४६ नगर परिषदा अशाच एका करारासाठी एकत्र आल्या. प्राणिसंग्रहालय आणि विद्यापीठ दिवसा वीज वापरतात, पथदिवे रात्री. वेगवेगळ्या वेळी लागणारी वीज एकत्र केली की एकूण मागणी सपाट होते, आणि सपाट मागणी विक्रेत्याला हवीच असते.

मात्र नुसती गर्दी जमवून दर कमी होत नाही. वीस संस्थांच्या वीस अपुऱ्या याद्या एकत्र केल्या तर मोठी अपुरी यादी तयार होते. आणि गटातली एक संस्था बिलं थकवणारी असेल, तर तिची जोखीम बाकीच्यांच्या दरात येते. बिल वेळेवर भरणं हीसुद्धा स्वस्त वीज घेण्याची एक रीत आहे. विलंब आकार तर वाचतोच, शिवाय पुढच्या बोलीत विक्रेता आपल्याकडे कोणत्या नजरेने पाहतो हेही बदलतं.

सल्लागारांविषयी थोडंसं. सल्लागाराचं मानधन प्रति युनिट असेल, तर करार जितका लांब आणि वापर जितका जास्त तितकी त्याची कमाई जास्त. ही रक्कम विजेच्या दरात मिसळलेली असते, म्हणून सभेपुढे कधी येत नाही. मानधन ठोक द्या आणि वेगळ्या बिलाने द्या. आणि कोणी 'दहा टक्के बचत' असं सांगितलं, तर कशाच्या दहा टक्के, हे विचारा. स्पर्धा होते ती फक्त विजेच्या किमतीत. वहन आकार, वितरण आकार, कर आणि अधिभार ज्याच्याकडून वीज घ्याल त्याच्याबरोबर येतातच. विजेची किंमत बिलाच्या निम्मी असेल तर दहा टक्क्यांचे पाचच उरतात.

जिथे एकच वीज कंपनी आहे आणि दर नियामक ठरवतो, तिथल्या सदस्यांनी हे पत्र बाजूला ठेवू नये. मीटरची यादी, पथदिव्यांची नोंदवही, पंपांची मागणी आणि प्रत्येक जोडणी योग्य दरवर्गात आहे की नाही, ही कामं तिथेही तशीच आहेत. शिवाय दारं हळूहळू उघडत आहेत. भारतात २०२२ च्या हरित ऊर्जा खुल्या प्रवेशाच्या, म्हणजे स्थानिक वीज कंपनीऐवजी दुसऱ्याकडून हरित वीज घेण्याच्या, नियमांनी त्यासाठी लागणाऱ्या किमान भाराची मर्यादा १ मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणली, आणि त्यानंतरच्या दुरुस्तीने एकाच वीज विभागातल्या अनेक जोडण्या मिळून १०० किलोवॅट होत असतील तरी चालेल असं केलं. एक मध्यम पाणीपुरवठा योजना ही मर्यादा सहज गाठते. तिथेही अधिभार आणि वहन आकार धरून हिशेब करा, नुसता प्रकल्पाचा दर पाहून हुरळून जाऊ नका.

तुमच्याकडे माझं मागणं एका ठरावाचं आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर तो आणा. त्यात चार गोष्टी असाव्यात: सर्व जोडण्यांची प्रत्यक्ष पाहणी करून केलेली यादी तीन महिन्यांत सभेपुढे येईल, कराराचा मसुदा आणि कमाल दराचं सूत्र दर मागवण्याआधी सभा मंजूर करेल, त्या सूत्राच्या आत आलेली सर्वांत कमी बोली त्याच दिवशी स्वीकारण्याचा अधिकार नावानिशी एका पदाला दिला जाईल, आणि सगळ्या बोलींचा अहवाल पुढच्या सभेत वाचला जाईल. ठराव मांडणाऱ्या सदस्याने त्याआधी लेखाधिकाऱ्यांना एक प्रश्न लेखी विचारून ठेवावा: आपला सध्याचा वीज करार कोणत्या तारखेला संपतो, आणि तो आपोआप वाढू नये म्हणून नोटीस किती दिवस आधी द्यावी लागते? ती नोटीस द्यायची मुदत बहुतेक वेळा करार संपायच्या बऱ्याच आधी निघून जाते.

आपला,
वीजबिलं तपासणारा एक नागरिक